जुन्या बेकरीची नवी ओळख

जुन्या नाशकातल्या एका बेकरीच्या दृश्य ओळखीचे काम सध्या माझ्याकडे आहे. बोधचिन्ह, दुकानाची पाटी, कागदी पिशव्या, खोकी आणि पाकिटांवरची लेबले एवढा त्याचा पसारा आहे. बेकरी आता तिसऱ्या पिढीच्या हाती आहे आणि भट्टीवर अजूनही स्वतः उभे राहणाऱ्या चाचांनी काम सोपवताना एकच अट घातली: "नवं करा, पण रोजचं गिऱ्हाईक दारातून परत जायला नको, बेटा."

जुन्या दुकानाचे काम म्हटले की गोल शिक्का, भोवती गव्हाच्या लोंब्या, मध्ये 'स्थापना' आणि साल, जमल्यास टोपी घातलेला मिशाळ आचारी, असा ऐवज जवळजवळ आपोआप कागदावर उतरतो. त्यात नाशिकची खूण म्हणून द्राक्षांचा घड बसवला की काम झाले, असे मानणारेही आहेत. मला ते पटत नाही, कारण असा शिक्का कालपरवा उघडलेल्या दुकानालाही तितकाच शोभतो. आणि द्राक्षांचे म्हणाल, तर या बेकरीत ती कधीच विकली गेलेली नाहीत. जुनेपण चितारण्यापेक्षा दुकानात जे आधीपासून आहे, ते ओळखून नीट वापरावे, असे माझे मत आहे.

इथे सर्वांत मोलाची गोष्ट आहे ती दारावरची, पेंटरने हाताने रंगवलेली पत्र्याची पाटी. तिच्यावरची अक्षरे कोणत्याही फाँटमध्ये सापडणार नाहीत. चपट्या कुंचल्याने ओढलेला काना वर जाड आणि खाली किंचित निमुळता आहे, 'क'चे पोट फुगीर आहे आणि मात्रा शिरोरेषेवरून सरळ न उठता मागे कलंडलेली आहे. पाटीचे समोरून छायाचित्र घेऊन, त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून मी ही अक्षरे रेखून काढली. जिथे रंगाचे पोपडे उडाले होते, तिथली कडा अंदाजाने पुरी केली. पण कलंडलेली मात्रा सरळ करण्याचा मोह टाळला, कारण त्या नावाची खरी चाल तिच्यातच आहे.

अडचण अशी, की पाटीवर फक्त नावापुरतीच अक्षरे आहेत, तर लेबलांना खारी, टोस्ट, जिरा बटर, मावा केक, लादी पाव आणि शिवाय सगळे अंक लागतात. तेवढी सगळी अक्षरे त्याच वळणात काढण्याऐवजी नाव तेवढे पेंटरच्या अक्षरात ठेवले आणि बाकी मजकुरासाठी 'मुक्त' हा मुक्त परवान्याचा देवनागरी फाँट घेतला. देवनागरी फाँट निवडताना 'ल', 'श' आणि ५, ८, ९ हे अंक मराठी वळणाचे येतात का, हे तपासून घ्यावेच लागते. हिंदी वळणाचा 'ल' असलेला 'लादी पाव' नाशिकच्या गिऱ्हाइकाला वाचता येतो, पण आपल्या गल्लीतला वाटत नाही.

रंगाच्या बाबतीत पैशांचाही हिशेब होता. एका रंगातली छपाई स्वस्त पडते, म्हणून पाटीचाच गडद लाल रंग घेतला. तपकिरी क्राफ्ट कागदावर तो विटकरी दिसतो आणि लहान आकारात 'ख' किंवा 'क'च्या गाठी शाईने भरून जातात. त्यामुळे पिशवीवर नाव मोठे ठेवून बाकी मजकूर जवळजवळ काढूनच टाकला. खारी पूर्वी वर्तमानपत्रात बांधून मिळत असे. खाद्यपदार्थांच्या वेष्टनाविषयीच्या २०१८च्या नियमांनी त्याला मनाई केली आहे आणि ती योग्यच आहे. छपाईची शाई खारीच्या तुपाला लागू नये.

कायद्याने आखणीत आणखीही हात घातला. दुकाने व आस्थापना कायद्याच्या २०२२च्या दुरुस्तीनुसार राज्यातल्या दुकानांच्या पाटीवर मराठी देवनागरी अक्षरे इतर लिपीपेक्षा लहान असून चालत नाहीत, तर पाकिटावरचा बंधनकारक मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असावा लागतो आणि मराठी जोडीला देता येते. १४ अंकी अन्नसुरक्षा परवाना क्रमांक, घटक, उत्पादनाची तारीख यांची जागा आधी आखूनच मग सजावटीकडे वळावे. अंडे घातलेल्या मावा केकवर हिरवे वर्तुळ चालत नाही, तपकिरी त्रिकोण लागतो, आणि तो लपवण्याचा प्रयत्न कुणी करू नये.

या कामात मला सर्वांत जास्त रस वाटला तो डब्यांमध्ये. दिवाळीच्या आधी अनेक घरांतून मैदा, तूप आणि साखर बेकरीत येते आणि भाजलेली नानकटाई त्याच घरच्या डब्यातून परत जाते. कोणता डबा कुणाचा, हे आजवर वहीच्या फाडलेल्या चिठ्ठीवर लिहिले जाई आणि तुपाने ती चिठ्ठी पारदर्शक होऊन अक्षरे पुसट होत. त्यासाठी जाड, तेल न शोषणाऱ्या कागदाचे एक लेबल केले आहे: वर पाटीवरचे नाव, खाली गिऱ्हाइकाचे नाव, मैद्याचे वजन आणि डबा नेण्याचा दिवस लिहिण्यासाठी मोकळ्या ओळी. चाचांनी त्यात एक ओळ वाढवायला सांगितली, 'वेलची घालायची की नाही', आणि छपाईला ते त्या ओळीसकट गेले आहे.