तेल फक्त डोळ्यात

मायक्रोवेव्हमध्ये बटाट्याचे चिप्स होतात म्हटलं की समोरचा एकतर "काहीही काय" म्हणतो, नाहीतर त्याचे डोळे चमकतात, की चला म्हणजे आता कितीही खायला मोकळे. होतात हे खरं आहे, आणि चांगले खुटखुटीत होतात. पण कितीही खाता येत नाहीत, कारण कितीही होतच नाहीत. प्लेटमध्ये एकावर एक न चढवता मावतील तेवढ्या चकत्या, म्हणजे दहा-बारा, फार तर पंधरा. पाच-सहा मिनिटं ते यंत्र घुं घुं करतं आणि मग जे बाहेर येतं ते एका माणसाच्या दोन मुठीसुद्धा नसतं.

यात बटाट्याचाही दोष नाही म्हणा, त्याच्यात ऐंशी टक्के पाणीच असतं. चिप्स करायचे म्हणजे हे पाणी हाकलायचं, बाकी काही नाही. शंभर ग्रॅम बटाट्याचे हातात वीस-बावीस ग्रॅम चिप्स पडतात. कढईत पण हेच होतं, फक्त तिथे पाणी वाफ होऊन बाहेर पडलं की त्याच्या रिकाम्या जागेत तेल शिरतं, म्हणून तर तळलेल्या चिप्समध्ये वजनाच्या साधारण एक तृतीयांश तेल असतं आणि म्हणूनच ते तसे लागतात! मायक्रोवेव्हच्या चिप्समध्ये ती जागा रिकामीच राहते. त्यामुळे "अगदी तळल्यासारखे लागतात हं" असं जे सांगतात ते सरळ सरळ थापा मारतात. हे चिप्स हलके लागतात, कोरडे, जरा काचेसारखे कडक, आणि बटाट्याची चव तळलेल्यापेक्षा जास्त कळते. वेगळा पदार्थ समजून खाल्ला तर आवडतो, तळलेल्याशी तुलना करत बसलात तर तुमचं तुम्ही बघा.

मिठाचं मात्र सांभाळायचं. आधी घातलं तर चकती आक्रसताना पाणी जातं पण मीठ जागच्या जागी राहतं, मग कच्च्या चकतीवर चिमूटभर दिसणारं मीठ शेवटी चारपट बोंबलतं. आणि नंतर घालावं तर तेल नसल्यामुळे चिकटत नाही, सगळं प्लेटच्या तळाशी. मी ओलसर चकत्यांवरच घालते, पण इतकं कमी की घातलं की नाही अशी शंका यावी.

चकत्या किसणीच्या स्लायसरवरच कराव्यात, सुरीने हौस असेल तर करा, पण एक चकती कागदासारखी आणि दुसरी रुपयासारखी झाली की पातळ करपते तेव्हा जाड अजून वाफाळत बसलेली असते. दीड मिलिमीटरच्या आसपास बरी. मग पाण्यात दोन-तीनदा खळबळून घ्यायच्या, पाणी दुधाळ होतं तो सुटलेला स्टार्च, तो राहिला तर चकत्या एकमेकींना आणि प्लेटला चिकटतात. मग सुती फडक्यावर पसरून वरून दुसरं फडकं दाबायचं. हे टिपायचं काम कंटाळवाणं आहे आणि सगळे त्यातच चालढकल करतात, पण जे पाणी फडकं फुकटात घेतंय ते मायक्रोवेव्हला कशाला उकळायला लावायचं? आणि बटाटा फ्रीजमधला नको. गारठ्यात ठेवलेल्या बटाट्यात स्टार्चची साखर होते, तो पटकन तांबडा होतो आणि मग कडवट लागतो.

प्लेटवर बेकिंग पेपर टाकून चकत्या गोलाकार मांडायच्या, मधोमध जागा सोडून. मायक्रोवेव्हच्या लहरींची लांबी साधारण बारा सेंटिमीटर, त्यामुळे आत काही ठिकाणं जास्त तापतात, काही कमीच. फिरती प्लेट आहे ती त्यासाठीच, पण मधोमध ठेवलेली चकती फिरून फिरून जागच्या जागीच, तिचं काय व्हायचं?

मग सुरू केल्यावर आधी दाराची काच धुरकट होते, उकडलेल्या बटाट्याचा वास येतो. चकत्या घाम आल्यासारख्या चमकतात, कडा हळूहळू वर उचलतात. दोन-तीन मिनिटांनी उलटायच्या आणि पॉवर निम्मी करायची. निम्मी म्हणजे बहुतेक मायक्रोवेव्ह पूर्ण जोरातच चालतात, फक्त थोडा वेळ चालू थोडा वेळ बंद, आवाज बदलतो त्यावरून कळतं. आणि इथून पुढे जागेवरून हलायचं नाही. पाणी आहे तोवर चकतीचा पारा शंभर अंशाच्या फार वर जात नाही, पाणी संपलं की एकदम उडी मारतो, पांढरट, सोनेरी, तपकिरी, काळा, सगळा प्रवास अर्ध्या मिनिटाचा. या चिप्सना तेल लागतं ते फक्त डोळ्यात घालायला. वास भाजल्यासारखा खमंग यायला लागला की काढायचे, मऊ वाटले तरी काढायचे, गार होताना कडक होतात.

गंमत म्हणजे या यंत्राचा जन्मच खाऊवर झालाय. 1945 मध्ये पर्सी स्पेन्सर नावाचा अमेरिकन इंजिनिअर रडारच्या मॅग्नेट्रॉनजवळ, म्हणजे या लहरी तयार करणाऱ्या नळीजवळ, उभा होता, खिशातलं चॉकलेट वितळलं, तर पुढचा प्रयोग म्हणून साहेबांनी मक्याचे दाणे धरले आणि लाह्या फुटल्या. उरलेली भाजी गरम करायचं रडगाणं मायक्रोवेव्हच्या गळ्यात नंतर पडलं.

पण मला खरं आवडतं ते हे की हे चिप्स कोणाला बकाबका खाताच येत नाहीत. टीव्हीसमोर वाडगं घेऊन बसायची सोयच नाही. ज्याला हवेत त्याने ओट्यापाशी यावं, "आई, झाले का?" विचारावं, आणि दोन-दोन वाट्याला येतात ते उभ्या उभ्या खावेत. दोनच असले की माणूस नीट चावून खातो, कोणाच्या वाटणीचा मोठा यावर वादही घालतो. तोवर पुढची बॅच फिरत असते. तिला वेळ थोडा कमीच लावायचा, प्लेट आधीच तापलेली असते, आणि एखादा वातड निघालाच तर तो ह्याच बॅचमध्ये ढकलायचा, शेवटची वीस-पंचवीस सेकंद उरली की.