तुम्ही विचारलंत म्हणून: तो मासा सारखा वर का पळतो?

घरी कोणीही आलं की पाच मिनिटं टाकीसमोर उभं राहतं आणि मग हमखास तोच प्रश्न, "अहो, हा तळातला मासा एकदम वर पळतो आणि सुळकन खाली जातो, गुदमरतोय का?" शेजारच्या काकू तर दर वेळी विचारतात, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

गुदमरत नाहीये, हवा गिळतोय. हे कोरी, म्हणजे कोरिडोरस, मूळचे दक्षिण अमेरिकेतले, अँडीजच्या पूर्वेकडच्या नद्या-ओढ्यांतले, तिकडे पाणी आटून डबकी झाली की ऑक्सिजन कमी पडतो, मग या पठ्ठ्यांची सोय अशी की वर यायचं, हवेचा घोट घ्यायचा आणि तो थेट आतड्यात. आतड्याच्या मागच्या भागाची भिंत एकदम पातळ, रक्तवाहिन्यांनी भरलेली, तिथे ऑक्सिजन शोषला जातो आणि उरलेली हवा मागच्या दाराने बाहेर. हो, तुम्हाला वाटतंय तेच. हे सांगितलं की काकू तोंडाला पदर लावतात.

पाणी चांगलं असलं तरी ते वर येतातच. मला हे माहीत नव्हतं तेव्हा पहिल्याच रात्री एक वाजता अर्धं पाणी बदललं, दुसरा एअर पंप लावला, बायको ओरडली, आणि सकाळी बघतो तर सहाही जण तसेच वर-खाली! अर्थात सगळेच मिनिटामिनिटाला पळायला लागले तर मात्र पाणी तपासा.

अंगावर खवले नाहीत, दोन्ही बाजूंना हाडाच्या पट्ट्यांच्या दोन-दोन ओळी, चिलखतच. 1803 मध्ये लासेपेद नावाच्या फ्रेंच माणसाने नाव ठेवलं तेही ग्रीकमधल्या शिरस्त्राण आणि कातडी या शब्दांवरून. वर काटे. एकदा जाळीत धरायला गेलो तर याने छातीच्या पराचा काटा ताठ करून लॉकच केला, शेवटी नखांच्या कात्रीने जाळी कापली, ऐंशी रुपये गेले.

गंमत म्हणजे माझे ब्राँझवाले, म्हणजे ब्राँझ कोरी जातीचे, आता कागदोपत्री कोरिडोरस नाहीतच, 2024 मध्ये संशोधकांनी या कुळीची फोड केली आणि हे झाले ऑस्टिओगॅस्टर. दुकानदार कोरीच म्हणतो, मीही.

परवा एकाने काकूंकडे बघून डोळा मारला. पापणी नसते त्यांना, बुबुळ खटकन खाली फिरवतात. काकू म्हणाल्या, "मेला आगाऊच दिसतोय."