ड्रेकच्या गावाला : नकला, पुतळे आणि एक कोरडा पाट

लंडन ब्रिजजवळच्या गोदीत 'गोल्डन हाइंड' बघून बाबा हरखले. लाकडी गलबत, आत गेलात की वाकूनच चालायचं. मी उगाच बोलून गेले की हे १९७३ मध्ये पाण्यात सोडलेलं आहे. तेही जगाला वळसा घालून आलंय म्हणा, पण इंग्लिश दर्यावर्दी फ्रान्सिस ड्रेक १५७७ ते १५८० मध्ये ज्यातून पृथ्वीप्रदक्षिणा करून आला, ते मूळ जहाज लंडनमधल्याच डेप्टफर्डला कुजून गेलं.

"म्हणजे नक्कल. मग अस्सल कुठंय?"

बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. प्रश्न विचारला की उत्तर कागदोपत्री लागतं. म्हणून ड्रेकच्या मुलखात, इंग्लंडच्या नैऋत्येकडच्या डेव्हनमध्ये दोन दिवस काढले.

लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनहून प्लिमथला थेट गाडी आहे, तीन-साडेतीन तास धरा. तिकीट आधी काढा, ऐनवेळी काढलंत तर खिशाला भोक पडतं. जाताना डावीकडची खिडकी पकडा. एक्सेटर मागे पडलं की डॉलिशला रूळ अगदी समुद्राला खेटून जातात. २०१४ च्या वादळात इथली भिंत फुटली आणि रूळ हवेत लोंबकळले होते.

प्लिमथला समुद्रावरचं हिरवं पठार म्हणजे 'हो'. इथेच म्हणे स्पेनचं आरमार दिसलं तरी ड्रेकनं चेंडूंचा खेळ आधी पुरा केला. गोष्ट १५८८ ची, पण लिहून ठेवली गेली बऱ्याच वर्षांनंतर. इथला ड्रेकचा पुतळा रुबाबदार आहे. २०२० मध्ये त्याला कुणी तरी साखळदंड अडकवले होते, कारण १५६० च्या दशकात हा गृहस्थ नातलग जॉन हॉकिन्सबरोबर आफ्रिकेतून माणसं पकडून विकायच्या सफरींवर होता. शाळेतल्या धड्यात हे नसतं. पठारावर वारा इतका, की छत्री आणू नका, टोपीचं जाकीट आणा. लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या स्मीटन मनोऱ्यावर, म्हणजे जुन्या दीपस्तंभावर, चढायचं तर गुडघ्यांना आधी विचारून घ्या, वरच्या टप्प्यांत जवळजवळ शिड्याच आहेत.

आणि हा पुतळाही नक्कल! मूळ टॅव्हिस्टॉकला. बसनं तासाभराचा रस्ता. ड्रेकचा जन्म या गावाबाहेरच्या शेतावरचा. प्लिमथच्या प्रतीत नसलेली चित्रं इथे चौथऱ्यावर उठावात कोरलेली आहेत: तो चेंडूंचा खेळ, १५८१ मध्ये डेप्टफर्डला मिळालेली 'सर' पदवी आणि १५९६ मध्ये पोर्तोबेलोजवळ समुद्रातच दिलेलं दफन. बाबांनी एकेक चित्र बोटानं वाचलं. मग म्हणाले, "स्पेनच्या जहाजातली चांदी कुठाय यात?" १५७९ मध्ये पेरूकडून येणाऱ्या एका जहाजातून ड्रेकनं सुमारे २६ टन चांदी उतरवली होती. स्पेनच्या लेखी तो चाचा, इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीच्या लेखी परवानाधारक भागीदार. कान्होजी आंग्र्यांना इंग्रज चाचा म्हणत, ते आठवून बाबा स्वतःशीच हसले. गावातल्या पास्टीत, म्हणजे सारण भरून भाजलेल्या करंजीत, गोमांस असतं, न खाणाऱ्यांनी चीज-कांद्याची मागून घ्यावी.

तिथून बकलंड ॲबी. हा जुना मठ, त्याच्या चर्चचंच घर केलेलं. ड्रेकनं ते लुटीच्या पैशांतून घेतलं. इंग्लंड संकटात असलं की आपोआप वाजतो म्हणतात तो ड्रेकचा ढोल इथला. आम्ही पाहिला तो मात्र नकलेचा. "झालं!" बाबा. इथं गाडी असली तर सोयीचं. बसनं यलव्हर्टनपर्यंत येता येतं, पण पुढचा रस्ता अरुंद, पदपथ नाही. टॅक्सी आधी सांगून ठेवा. आम्ही ठेवली नव्हती आणि झुडपांना चिकटून चालत गेलो. मोटारवाले हात करतात, पण वेग कमी करत नाहीत. घर उघडं असण्याच्या वेळा हंगामाप्रमाणे बदलतात, निघण्यापूर्वी बघून घ्या.

परतताना यलव्हर्टनच्या माळावर बाबा एका लांबलचक खळग्याशी थांबले. गवतानं भरलेला, कोरडा. हा ड्रेकचा पाट. मीव्ही नदीचं पाणी डार्टमूरच्या कडेकडेनं सुमारे २८ किलोमीटर वळवत १५९१ मध्ये प्लिमथला नेलं, त्या कामावर देखरेख ड्रेकची. लोककथा सांगते की तो घोड्यावर पुढे आणि पाणी घोड्याच्या शेपटीमागून धावत आलं. बाबा म्हणाले, "भगीरथच की!" मग मी सांगितलं की त्याच पाटावर त्यानं सहा गिरण्या बांधल्या नि चालवायला घेतल्या. "मग भगीरथ नाही. कंत्राटदार."

पाटाचा उगमाचा बंधारा आता बरेटर धरणाच्या पाण्याखाली आहे. बूट चिखलाचे घाला, गवताखाली पाणी साचलेलं असतं आणि दगड निसरडे. बाबा काठानं पन्नासेक पावलं गेले, वाकून एका बाजूला डोळा लावला, पुन्हा मागे आले.

"उतार नीट धरलाय. इथे लेव्हल कशानं घेतली असेल रे यांनी?"

मी बसच्या वेळेकडे बघत होते. शेवटची नव्हती, पण त्या दिवशी बरीच वाट बघावी लागली. थर्मास आणलेला बरा.