तुरुंगात माणूस सुधारतो का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, पण आधी प्रश्नच जरा दुरुस्त करू या. तुरुंगाची कामं चार मानतात: अद्दल, धाक, समाजापासून दूर ठेवणं आणि सुधारणा. दूर ठेवण्याचं काम भिंती चोख करतात. धाक बसतो तो पकडलं जाण्याच्या खात्रीने. शिक्षा पाचाची सात वर्षं केल्याने फारसा वाढत नाही. आणि सुधारायचं कुणाला? २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते. त्यातले ४,३४,३०२ कच्चे, म्हणजे खटला चालू असलेले.

मनाच्या दृष्टीने कच्चा आणि पक्का यांत मोठा फरक आहे. पक्क्या, म्हणजे शिक्षा झालेल्या कैद्याकडे हिशेब असतो: शिक्षेतून माफीचे दिवस वजा, संचित रजा (फर्लो) कधी, काम कुठलं. कच्च्याकडे फक्त कोर्टाची तारीख असते. तारखेच्या आदल्या रात्री झोप नाही, सकाळी तयार होऊन बसायचं, मग कळतं की न्यायला पोलीस पार्टी आलीच नाही. असं पाचसहा वेळा झालं की तो विचारणंच सोडतो. बाहेरच्यांना वाटतं, रुळला!

सर्वांत जपायचे ते पहिले काही दिवस, आणि जामीन फेटाळल्यानंतरचे. रोज दारू पिणाऱ्याची दारू अटकेने एकदम तुटते. हात थरथरतात, आणि साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो भ्रमात बडबडू लागू शकतो. ते नाटक समजलं गेलं तर जिवावर बेततं. म्हणून घरच्यांनी तुरुंगातल्या पहिल्या मुलाखतीची (भेटीची) वाट न बघता व्यसन आणि चालू गोळ्या तुरुंगाला लेखी कळवाव्यात, डॉक्टरची चिठ्ठी जोडावी.

एकांतवासाबद्दल ब्रिटिशांच्या दंड संहितेलाही धास्ती होती. एका वेळी जास्तीत जास्त १४ दिवस, मध्ये तेवढाच खंड, आणि एकूण तीन महिन्यांच्या वर नाही. नव्या न्याय संहितेतही तेच आहे. मात्र ‘सुरक्षेसाठी वेगळं ठेवलंय’ म्हटलं की ही मोजणी लागत नाही. मनाला कारणाशी काय देणंघेणं?

याच्या उलट टोकाला सांगली जिल्ह्यातली, आटपाडीजवळची स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत. औंध संस्थानाने १९३९ मध्ये सुरू केलेली, कैदी कुटुंबासह राहून शेती कसतात. सुधारणा हवी असेल तर ती अशी दिसते, असं माझं मत. पण तिथे जातात ते निवडक पक्के कैदी. कच्च्याला कामाचीही सक्ती नाही, म्हणजे दिवसभर बॅरेकमध्ये रिकामा.

त्याच्या उपयोगाचं कलम म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे खटले चालवण्याच्या नव्या कायद्याचं, ४७९. पहिलाच गुन्हा असेल तर कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश, नाहीतर निम्मा काळ आत काढल्यावर सुटकेचा विचार होतो, आणि कोर्टाला लेखी कळवणं तुरुंग अधीक्षकाचं काम आहे. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही. एकाहून जास्त खटले चालू असले तरी अडतं. वकिलाला हे आधी विचारा.

सुटून आल्यावर घरचे एक तक्रार हमखास करतात: दारापाशी नुसता उभा राहतो, कुणी उघडेपर्यंत. आत गिनती (कैद्यांची मोजणी), जेवण, बॅरेक बंद होणं सगळं दुसऱ्याच्या हुकमाने. कडीला हात लावायची सवयच मोडलेली असते. तुम्ही धावत जाऊन उघडू नका. किल्ली त्याच्याकडे द्या, भाजी आणायला शंभर रुपये द्या, आणि काय आणायचं ते सांगू नका.