पेशवाईतले गुन्हे शोधायचे तर हिशेबाच्या वह्या उघडा

आपल्या डोक्यात कोर्टाचं रेकॉर्ड म्हटलं की फाईल येते, केस नंबर, फिर्याद, पंचनामा, साक्षी, निकाल असं सगळं एका दोरीत बांधलेलं. मोडी शिकल्यावर मी पण तेच डोक्यात घेऊन अठराव्या शतकातल्या फौजदारी केसेस बघायला लागलो, आणि तशी फाईल फारशी भेटतच नाही हो. भेटतो तो जमाखर्च.

कारण साधं आहे, दंड म्हणजे सरकारचं उत्पन्न. कमाविसदाराच्या (म्हणजे महसूल गोळा करणाऱ्या सरकारी अंमलदाराच्या) हिशेबात जमेच्या बाजूला शेतसारा, जकात वगैरे असतं तसंच एक सदर असतं ‘गुन्हेगारी’, म्हणजे दंडाची वसुली. तिथे अमक्या गावचा अमका, चोरी केली किंवा मारामारी केली किंवा बदअमल (व्यभिचार) केला, सबब इतके रुपये, संपलं. वर तारीख असते ती पण अशी की सुरुवातीला डोकं धरायची वेळ येते. ‘सलास सबैन मया व अलफ’ म्हणजे तीन, सत्तर, शंभर आणि हजार, म्हणजे शुहूर सन (त्या काळच्या दप्तरात चालणारी अरबी आकड्यांची कालगणना) 1173, म्हणजे आपलं 1772-73. त्यात मोडीत शब्द तोडून लिहायची पद्धत नाही, आधी आडवी रेघ ओढायची आणि बोरू शक्यतो न उचलता लिहीत सुटायचं, त्यामुळे चोर कुठे संपला आणि गाव कुठे सुरू झालं हे आपण ठरवायचं.

पुण्यात कोतवालीचं तेच. रात्रीची तोफ झाल्यावर रस्त्यावर सापडला, घे दंड, लिही जमेला. घाशीराम कोतवालामुळे (1791 मध्ये लोकांनी दगडांनी ठेचला त्याला) ती कचेरी आपल्याला नाटकी वाटते, पण कागदावर ती अगदी कोरडी, पैसे मोजणारी कचेरी आहे.

आता यात गोम अशी की ज्याच्याकडून पैसे वसूल झाले तो नावानिशी राहिला, आणि ज्याच्याकडे द्यायला काहीच नव्हतं, पाटलाने चावडीवरच चार फटके देऊन सोडला, त्याचा कागदच नाही. मोठा गुन्हा असेल तर किल्लेदाराला पत्र जायचं, याला बेडी घालून ठेवा, शिधा इतका द्या, मग तो माणूस किल्ल्याच्या खर्चात सापडतो. बदअमलाच्या आरोपातल्या कितीतरी बायका तर बटीक (गुलाम दासी) म्हणून सरकारात जमा झाल्या, आणि पुढे त्यांची नोंद कामाला लावलेल्या माणसांत. तिचं म्हणणं काय होतं हे क्वचितच कुठे लिहिलेलं असतं. मला याचा राग येतो, अडीचशे वर्षांनी का होईना.

सविस्तर कागद होतो तो वतनाच्या, म्हणजे पाटीलकीसारख्या वंशपरंपरागत हक्काच्या भांडणात. तिथे महजर (सभेने दिलेला लेखी निवाडा) होतो, दोन्ही बाजूंच्या तकरिरी (जबान्या), कोण कोण हजर होतं त्यांची नावं, आणि सही न येणाऱ्यांच्या निशाण्या, पाटलाचा नांगर, सुताराचं किंकरं (छिन्नीसारखं हत्यार), न्हाव्याचा आरसा. त्या निशाण्या बघत बसायला मला जाम आवडतं. जिंकणारा हरकी (जिंकल्याबद्दलची रक्कम) भरायचा, हरणारा गुन्हेगारी भरायचा, म्हणजे सरकार दोन्हीकडून घेणार 😄 आणि हरलेल्याकडून येजितखत लिहून घ्यायचे, की मी खोटा. जिंकलेला तो कागद घरी जिवापाड जपायचा, कारण पुढच्या पिढीत भांडण परत उकरलं की दाखवायला तोच. म्हणूनच तर इतिहासकार वि. का. राजवाडे गावोगाव वाडे धुंडाळत फिरले.

1827 ला मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टनचे कायदे आल्यावर मुंबई इलाख्यात जिल्हा कोर्टं आणि त्यांची दप्तरं सुरू झाली, ते सगळं आपल्या ओळखीचं आहे.

जुनं सरकारी दप्तर पुण्यातल्या पेशवे दप्तरात रुमालांत (कापडी गाठोड्यांत) बांधून ठेवलेलं आहे. पण खाजगी कागद अजून घराघरांत आहेत. तुमच्याकडे मोडी कागद असतील तर प्लीज लॅमिनेट करू नका, सेलोटेप तर अजिबातच नको, सरळ फोटो काढा आणि भारत इतिहास संशोधक मंडळात किंवा मोडी वाचणाऱ्या कुणालातरी दाखवा.