रेडिओवर माणसांबद्दल बोलायचं, हरणाबद्दल नाही: मिनेसोटातल्या शिकारपरवान्याचा आणि वॉकी-टॉकीचा माझा अनुभव

वॉकी-टॉकी घेऊन रानात जायला मिनेसोटात बंदी नाही. वॉकी-टॉकीच्या मदतीने शिकार करायला मात्र आहे. ही दोन वाक्यं एकत्र कशी पाळायची, हे समजून घेण्यात माझा परवान्यापेक्षा जास्त वेळ गेला. म्हणून ते सगळं क्रमाने लिहून ठेवतो. इथे राहणाऱ्या आणि नोव्हेंबरात मित्रांच्या गटाबरोबर हरणाच्या शिकारीला जायचं मनात असलेल्या मराठी मंडळींना उपयोग होईल.

आधी व्हिसाची गोष्ट, कारण तिथे चूक झाली तर पुढचं सगळं निरर्थक. एच-१बीसारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकेच्या संघराज्य कायद्याप्रमाणे बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगता येत नाही. याला जे मोजके अपवाद आहेत, त्यांतला आपल्या कामाचा असा: कुठल्याही राज्याने रीतसर दिलेला, मुदतीतला शिकारपरवाना जवळ असणं. ‘जवळ बाळगणं’ म्हणजे विकत घेणंच नव्हे. मित्राची बंदूक हातात घेतली तरी ते बाळगणंच झालं. त्यामुळे क्रम उलटा करू नका. ‘आधी नेमबाजीच्या रेंजवर थोडा सराव करू, परवाना नंतर काढू’ असं इथे जन्मलेला मित्र सहज म्हणतो, कारण त्याला हा नियम लागूच नाही. मी आधी कोर्स केला, मग परवाना काढला आणि तो खिशात आल्यावरच बंदुकीला हात लावला. परवान्याची मुदत संपली की सवलतही संपते, ही तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. ग्रीन कार्ड असेल तर ही अट नाही.

३१ डिसेंबर १९७९ नंतर जन्मलेल्या माणसाला मिनेसोटात बंदुकीने शिकार करण्याचा परवाना घ्यायचा तर फायरआर्म्स सेफ्टीचं प्रमाणपत्र लागतं. प्रौढांसाठी हा कोर्स पूर्ण ऑनलाइन होतो. घाईघाईने उरकू नका. गोळी कुठवर जाते, हरणामागे काय आहे ते पाहिल्याशिवाय चाप का ओढायचा नाही, मचाणावर भरलेली बंदूक घेऊन का चढायचं नाही, हे सगळं त्यात आहे. कपड्यांचा नियमही पाठ करा: बंदुकीच्या हंगामात टोपी आणि कमरेवरच्या बाहेरच्या कपड्याचा दिसणारा भाग भडक केशरी किंवा भडक गुलाबी हवा, बाह्या आणि हातमोजे वगळून. नक्षीचा कपडा असेल तर प्रत्येक चौरस फुटात निम्मा तरी तो रंग हवा.

आता रेडिओ. मिनेसोटाच्या कायद्यातलं कलम ९७बी.०८५ पान-अर्ध्या पानाचं आहे. वॉकी-टॉकी, मोबाईल किंवा दुसरं कुठलंही रेडिओ उपकरण वापरून मोठी (हरणासारखी) किंवा छोटी (सशा-पक्ष्यांसारखी) शिकार करता येणार नाही, हे त्याचं सार. संरक्षण नसलेल्या प्राण्यांसाठी राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याच्या आयुक्तांकडून वेगळी परवानगी मिळू शकते, कुत्रा आणि त्याचा मालक यांच्यातला एकमार्गी रेडिओ चालतो. हरणाच्या बाबतीत अशी सूट नाही.

हे वाचून बहुतेक जण म्हणतात, ‘मी रेडिओने थोडीच मारतोय, बंदुकीने मारतोय.’ उत्तर त्या कलमात नाही, व्याख्यांच्या कलमात आहे, आणि ते वाचायचं राहून जातं. ‘शिकार करणं’ या शब्दाची मिनेसोटातली व्याख्या फार रुंद आहे. तिच्यात गोळी घालणं आहे, पाठलाग आहे, नुसता प्रयत्न आहे आणि दुसऱ्याला शिकारीत मदत करणंही आहे. म्हणजे टेकडीवर बंदूक न घेता बसलेला माणूस ‘तुझ्याकडे दोन येताहेत, ओढ्याच्या बाजूने’ एवढं रेडिओवर बोलला, तर त्या क्षणी तो स्वतः रेडिओने शिकार करतो आहे. हरीण सापडलं की निसटलं याला महत्त्व नाही. आणि मोबाईलवरचा मेसेज, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेला फोटो, नकाशाच्या अ‍ॅपवर टोचलेली ‘इथे दिसलं’ची खूण, हेही रेडिओच. लोक हातातल्या सेटबद्दल दक्ष असतात आणि खिशातल्या फोनबद्दल विसरतात.

नियमामागचं कारण समजलं की तो पाळणं जड जात नाही. आपल्याकडे याला हाका म्हणतात: काही जण रान उठवत येतात, काही जण पुढे दबा धरून बसतात. असा हाका घालणं मिनेसोटात कायदेशीर आहे. हाक्यात हरणाच्या बाजूने काय असतं? त्याचं नाक, त्याचे कान, आणि माणसांमधलं अंतर. हाकाऱ्याला दिसलेलं हरीण मचाणावरच्या माणसाला दिसत नाही. त्या दोघांच्या मधल्या अज्ञानातूनच हरीण वाट काढतं, मागे फिरतं, दोन हाकाऱ्यांच्या मधून निसटतं. रेडिओ नेमकं ते अंतर पुसून टाकतो. बंदूक तीच राहते, पण दहा माणसांचे दहा जोड डोळे एका माणसाला मिळतात. १८८७मध्ये थिओडोर रूझवेल्ट आणि जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांनी स्थापलेला बून अँड क्रॉकेट क्लब विक्रमाच्या नोंदीसाठी शिकाऱ्याकडून जे प्रतिज्ञापत्र घेतो, त्यात सावज शोधायला, त्याचा पाठलाग करायला किंवा शिकाऱ्याला त्याच्यापर्यंत न्यायला इलेक्ट्रॉनिक उपकरण वापरलेलं चालत नाही. ताडोब्यात सफारीला मोबाईल नेऊ देत नाहीत, ते ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे लगेच पटेल. तिथे कुणी बंदूक घेऊन जात नाही, तरी वाघ दिसल्याची खबर फोनवरून फिरली की सगळ्या जिप्सी एकाच पाणवठ्याकडे धावतात आणि वाघाला निघायला वाट उरत नाही.

मग सेट न्यायचाच कशाला? माणसांसाठी. मचाणावरून पडणं हा या हंगामातला नेहमीचा अपघात आहे, उत्तर मिनेसोटाच्या दलदलीत वाट चुकणं सोपं आहे, आणि बऱ्याच रानांत मोबाईलला सिग्नल नसतो. सेट मी नेतोच आणि गटातल्या प्रत्येकाने न्यावा असं माझं ठाम मत आहे.

परवान्याशिवाय चालतात ते एफआरएसचे (फॅमिली रेडिओ सर्व्हिसचे) सेट. २२ चॅनेल, जास्तीत जास्त २ वॉट, आणि अँटेना सेटपासून सुटी होणार नाही अशी. ८ ते १४ या चॅनेलवर फक्त अर्धा वॉट मिळतो, त्यामुळे गटाचा चॅनेल ठरवताना ते टाळा. जास्त ताकद हवी असेल तर जीएमआरएसचा (जनरल मोबाईल रेडिओ सर्व्हिसचा) परवाना काढा. परीक्षा नाही, फी ३५ डॉलर, मुदत १० वर्षं, वय १८ पूर्ण हवं. नागरिकत्वाची अट नाही, फक्त परदेशी सरकारचा प्रतिनिधी नको. एफसीसीच्या (अमेरिकेतल्या रेडिओ-दूरसंचार नियामकाच्या) ‘कोअर्स’ या संकेतस्थळावर खातं उघडून एफआरएन हा १० अंकी क्रमांक घ्यायचा, मग परवान्याच्या प्रणालीत नवा अर्ज करून सेवेच्या यादीतून ‘झेडए’ निवडायचं. अर्ज अडकतो तो दोन जागी: एफआरएन आपल्या खात्याला जोडायचा राहतो, किंवा अर्ज पाठवल्यावर १० दिवसांत पैसे भरले जात नाहीत आणि अर्ज रद्द होतो. एका परवान्यावर जवळचं कुटुंब बोलू शकतं, आणि एफसीसीची ‘कुटुंबा’ची कल्पना आपल्यासारखी ऐसपैस आहे: आजी-आजोबा, भावंडं, काका-मामा, भाचे-पुतणे, सासरची माणसं, सगळे आले. मित्र मात्र येत नाहीत. त्यांनी स्वतःचा परवाना काढावा, नाहीतर एफआरएसचा सेट घ्यावा. दोन्हींचे चॅनेल एकच असल्यामुळे बोलणं होतं. जीएमआरएसवर बोलणं संपताना, आणि लांबलं तर दर १५ मिनिटांनी, आपलं कॉल साइन (परवान्यासोबत मिळणारी ओळखखूण) सांगावं लागतं.

स्वस्तातला बाओफेंग यूव्ही-५आर घेऊन त्यात हे चॅनेल भरायचा सल्ला हमखास मिळतो. तो सेट या सेवांसाठी प्रमाणित नाही. शिकारीचा नियम पाळून एफसीसीचा मोडायचा, यात काही अर्थ नाही. आणि हेच एफआरएस सेट सह्याद्रीतल्या ट्रेकसाठी भाच्या-पुतण्यांना भेट म्हणून भारतात नेऊ नका. ते ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झवर चालतात. भारतात विनापरवाना वापरासाठी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचा पट्टा आहे.

खोक्यावर ३० मैल लिहिलेलं असतं. ते डोंगरमाथ्यावरून मोकळ्या दरीपलीकडे. ओल्या पाइनच्या झाडीत एक मैल मिळाला तरी चांगलं म्हणायचं, बर्फाने लगडलेल्या सखल भागात त्याहून कमी. सेट पट्ट्याला लावून बोललं की अंगच लहरी अडवतं. बोलताना तो तोंडासमोर उभा धरा. अल्कलाइन सेल शून्याखालच्या तापमानात लवकर दम टाकतात. लिथियमचे घ्या, आणि सेट जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवा. आवाजाने आपोआप सुरू होणारी सोय बंद करा, बोलणं संपल्यावरची ‘बीप’ बंद करा, कानात एक इअरफोन घाला. ‘प्रायव्हसी कोड’ लावला म्हणजे आपलं बोलणं खाजगी झालं असं समजू नका. त्याने फक्त दुसऱ्यांचं बोलणं तुमच्या सेटवर येत नाही. तुमचं मात्र ज्याला ऐकायचं त्याला ऐकू जातं.

आता गटाचा नियम. आम्ही तो लेखी ठेवतो: रेडिओवर माणसांबद्दल बोलायचं, हरणाबद्दल नाही. ‘चढलो, हार्नेस बांधला.’ ‘ठीक आहे.’ ‘पाय मुरगळलाय, या.’ ‘माझं जनावर पडलंय, बंदूक रिकामी केली, ओढायला दोघं लागतील.’ हे चालतं. ‘काही दिसलं का?’ हा साधा प्रश्न चालत नाही, कारण त्याचं कुठलंही उत्तर, अगदी ‘नाही’सुद्धा, माहिती असते. ‘या बाजूला काही नाही’ ऐकून मचाण बदलणारा माणूस रेडिओनेच शिकार करतोय. हजेरीच्या वेळा ठरवून घ्या. आमच्या ९, १२ आणि ३ आहेत. मधे सेट चालू, पण गप्प.

हाका चालू असताना मात्र हाच नियम फसतो, आणि ही गोष्ट सगळ्यांत जास्त वेळा चुकताना दिसते. हाकाऱ्याने ‘मी ओढ्यापाशी पोचलो’ म्हटलं, तर तो माणसाबद्दलच बोलला. पण पुढे बसलेल्याला त्यावरून कळतं की हरीण आता कधीही येईल. म्हणून हाक्यात एकच शब्द ठेवा: ‘थांबा’. तो कुणीही उच्चारला की सगळ्यांनी बंदुका रिकाम्या करायच्या आणि तो हाका तिथेच संपला असं धरायचं. बाकी सुरक्षितता आधीच्या तयारीतून येते: हाका किती वाजता सुटणार, कुठल्या रेषेवर थांबणार, कुणी कुठल्या दिशेला गोळी घालायची नाही. हे कागदावर काढून घ्या.

जखमी हरणाचा प्रश्न सर्वांत अवघड. गोळी लागली, हरीण पळालं, रक्ताचा माग आहे. मदतीला बोलवायचं का? मन म्हणतं, लगेच. पण पाठलागही व्याख्येत आहे, आणि दोन बंदुकधारी रेडिओवर बोलत माग काढू लागले की तो रेडिओने केलेला हाकाच झाला. मी अशा वेळी जागेवर थांबतो, हरीण जिथे होतं ती खूण आणि वेळ लिहितो, अर्धा तास जाऊ देतो आणि एकटा माग काढतो. मदत लागलीच तर येणाऱ्याने बंदूक ठेवून यायचं, आणि त्यानंतर हरीण कुठे दिसतंय हे सेटवर नाही, तोंडाने सांगायचं. तुमच्या काउंटीच्या कॉन्झर्वेशन ऑफिसरला, म्हणजे शिकारीचे नियम पाळले जातात की नाही ते पाहणाऱ्या अधिकाऱ्याला, हंगामाआधीच फोन करा. ‘रेडिओ चालतो का?’ असं मोघम विचारू नका. ‘जखमी हरणाच्या मागावर असताना असं-असं बोलणं चालेल का?’ असं नेमकं विचारा.

छोट्या शिकारीत किती जनावरं मारता येतात ती मर्यादा गटाने मिळून भरायची असेल, तर मिनेसोटात गटातल्या लोकांनी एकमेकांच्या नजरेच्या आणि आवाजाच्या टप्प्यात, कुठल्याही साधनाशिवाय, असावं लागतं. विस्कॉन्सिनमध्ये हरणाच्या गटशिकारीलाही अशीच अट आहे, आणि तिथे श्रवणयंत्राला तेवढी सूट आहे. रेडिओने जोडलेला माणूस गटात धरला जात नाही. अलास्कात संपर्काची साधनं सुरक्षिततेसाठी चालतात, शिकारीच्या मदतीसाठी नाही. नियमित प्रवासी विमान सोडून दुसऱ्या विमानातून उतरल्यावर तर दुसऱ्या दिवशी पहाटे ३ पर्यंत बहुतेक मोठ्या जनावरांची शिकार करता येत नाही (हरणाला तेवढी सूट आहे), कारण वरून पाहिलेलं जनावरही उसन्या डोळ्यांनीच पाहिलेलं असतं. ॲरिझोनाने २०२२पासून शिकारीसाठी ट्रेल कॅमेरेच (रानात बांधून ठेवलेले, जनावर आलं की आपोआप फोटो काढणारे) बंद केले. म्हणून दरवर्षी, प्रत्येक राज्याची चालू वर्षाची पुस्तिका वाचा. आणि बेकायदा मारलेलं हरीण गाडीत घालून राज्याची सीमा ओलांडली, तर १९०० सालचा लेसी कायदा लागतो आणि प्रकरण संघराज्याकडे जातं.

संध्याकाळी सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने गोळी घालण्याची वेळ संपते. त्यानंतर पाच मिनिटांनी आमची शेवटची हजेरी असते. एकेक जण ‘बंदूक रिकामी, खाली उतरलो’ म्हणतो, आणि यादीतलं शेवटचं नाव आल्याशिवाय कुणी गाडी सुरू करत नाही.