हर्णैच्या बंदरात भेटलेले विल्सन कॉलेज

आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती पाहिला, मुरुडच्या किनाऱ्यावर गर्दीला कंटाळून लवकर परतलो, आणि सुट्टीचे तीन दिवस संपले. लिहायचे आहे ते चौथ्या दिवशीच्या हर्णैविषयी.

मी पाच वर्षे गिरगाव चौपाटीसमोरच्या विल्सन कॉलेजात शिकले. जॉन अ‍ॅडम्स यांच्या आराखड्यानुसार १८८९ साली उभी राहिलेली ती गॉथिक धाटणीची मुख्य इमारत, तिच्या टोकदार कमानी आणि तास चालू असताना खिडकीतून दिसणारा समुद्र हे सारे मला अस्सल मुंबईचे वाटत असे. पुढे वाचनात आले की, ज्यांचे नाव कॉलेजला मिळाले ते स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन १८२९ साली मुंबईत उतरले आणि लगेच बाणकोट-हर्णै भागात येऊन काही महिने मराठी शिकले. तेव्हा ते अवघे २४ वर्षांचे होते. त्यांच्याबरोबर आलेल्या पत्नी मार्गारेट यांनी नंतर मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या आणि १८३२ साली विल्सन यांनी गिरगावात अंब्रोळीची इंग्रजी शाळा सुरू केली, तिचेच पुढे कॉलेज झाले.

हे डोक्यात घेऊन मी संध्याकाळी लिलावाच्या वेळी बंदरात गेले. समोर सुवर्णदुर्ग होता, होड्यांतली मासळी आणायला बैलगाड्या आसापर्यंत पाण्यात उतरल्या होत्या, आणि लिलावाचे आकडे इतक्या वेगाने पुकारले जात होते की मराठी मातृभाषा असूनही मला निम्मे कळेनात. एका कोळणीला मी कोळंबीचा किलोचा भाव विचारला. "ताई, किलो नाय, वाटा घ्या," असे म्हणून तिने ओल्या पाटीवरचा ढीग हाताने सारखा केला आणि वर मूठभर कोळंबी टाकली. विल्सन यांच्या कानांवरही पहिल्यांदा अशीच मराठी पडली असेल, या विचाराने मी हातात पिशवी घेऊन बराच वेळ तिथेच उभी राहिले. मागे पुळणीत गाड्या घालून भोंगे वाजवणाऱ्या पर्यटकांचा मला मनापासून राग आला.

हर्णैजवळच्याच दापोलीच्या मिशन शाळेतून मॅट्रिक झालेले पांडुरंग वामन काणे पुढे विल्सन कॉलेजातून पदवीधर झाले, धर्मशास्त्राचा इतिहास लिहून १९६३ साली भारतरत्न ठरले. म्हणजे आमच्या इमारतीचे या किनाऱ्याशी दोन्ही बाजूंनी येणेजाणे होते, आणि कॉलेजात असताना मला हे कोणी सांगितले नाही याची खंत वाटते.

दुसऱ्या दिवशी मुंबईला परतताना मुद्दाम वेसवी-बागमांडल्याच्या फेरीने सावित्रीची खाडी ओलांडली. बाणकोटचा किल्ला दिसेनासा होईपर्यंत मी कठड्यापाशीच उभी होते.